हवामान स्थलांतराची गणितं: निघणारे आणि न निघू शकणारे

हवामान बदलामुळे किती लोक घरदार सोडतील, याचे अंदाज आज संगणकावर बांधले जातात. त्यामागचं गणित मात्र संगणकाहून जुनं आहे. १८८५ साली भूगोलतज्ज्ञ रेव्हनस्टाइन यांनी ब्रिटनच्या जनगणनेवरून दाखवलं, की स्थलांतर करणारे बहुतेक जण फार लांब जात नाहीत. १९४६ मध्ये अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ झिफ यांनी त्याला सूत्राचं रूप दिलं: दोन शहरांमधली ये-जा त्यांच्या लोकसंख्येबरोबर वाढते, अंतराबरोबर घटते. हेच पुढे ‘गुरुत्वाकर्षण मॉडेल’ म्हणून ओळखलं गेलं.

हवामान या हिशोबात उशिरा आलं. १९८५ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालामुळे ‘पर्यावरणीय निर्वासित’ हा शब्द रुळला. मग पर्यावरणतज्ज्ञ नॉर्मन मायर्स यांचा अशा २० कोटी निर्वासितांचा आकडा गाजला. त्यांची पद्धत ढोबळ होती: धोक्याच्या पट्ट्यातली माणसं मोजायची आणि ती उठून जातील असं धरायचं. माझ्या मते खरी चूक इथेच झाली. पूर आला म्हणून माणूस आपोआप निघत नाही. तो घरच्यांशी बोलतो, गाठीचा पैसा बघतो, आधी गेलेल्यांचं कसं चाललंय ते विचारतो.

ही घालमेल गणितात आणायचा मार्ग वेगळ्याच विषयातून मिळाला. शहरांतल्या वस्त्या वंशानुसार कशा विभागल्या जातात, हे अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये एकेका घराच्या निर्णयातून उलगडलं होतं. २०११ मध्ये संशोधक डॉमिनिक निव्हटन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोसाठी त्याच धाटणीचं मॉडेल केलं. त्यातल्या प्रत्येक पात्राला, म्हणजे संगणकातल्या काल्पनिक माणसाला, वय, लिंग, वैवाहिक स्थिती होती; पाऊसमान आणि ओळखीच्यांचं वागणं यांवरून ते जायचं की राहायचं ठरवत होतं.

त्याच वर्षी ब्रिटिश सरकारच्या ‘फोरसाइट’ अहवालाने ‘अडकलेल्या’ लोकांकडे लक्ष वेधलं: धोका सर्वांत जास्त, पण निघायलाही पैसा नाही.

जागतिक बँकेने २०१८ मध्ये पुन्हा गुरुत्वाकर्षण मॉडेल घेतलं, आता पाणी, पिकं आणि समुद्रपातळी जोडून. २०२१ च्या पुढच्या अहवालात जगातल्या सहा प्रदेशांसाठी २०५० पर्यंतचा आकडा २१.६ कोटींपर्यंत गेला, तोही फक्त देशांतर्गत स्थलांतराचा. उत्सर्जन घटलं आणि विकास सर्वांपर्यंत पोहोचला तर तो ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, असंही त्यात आहे. ही मोजणी नकाशाच्या प्रत्येक चौकटीत हवामान बदल धरून आणि न धरून येणाऱ्या लोकसंख्येच्या फरकावरून होते. त्यामुळे जागेवर राहिलेला माणूस स्वखुशीने राहिला की अडकून पडला, ते त्या आकड्यात दिसत नाही.