बिचकलेली मुलं आणि डोंगर : शाळा, बालगृहं आणि पालकांसाठी माहिती

कोल्हापूरच्या मुलांना डोंगर नवा नाही. पन्हाळा शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर, जोतिबा त्याच्या शेजारीच. आम्ही मुलांसाठी डोंगरावर दोरावरची चढाई आणि मुक्काम घेतो, त्यामुळे "डोंगरावर नेऊन आणलं की पोरगं सुधारेल का?" असं पालक आणि बालगृहाचे अधीक्षक आम्हाला हमखास विचारतात. नुसतं नेऊन आणल्यानं काहीच होत नाही. सहलीत बोलकी मुलं आणखी बोलकी होतात आणि गप्प मूल गाडीच्या शेवटच्या सीटवर गप्पच बसतं. फरक पडतो तो जोडीदाराशिवाय पुढं सरकताच येणार नाही असं काम हातात आल्यावर, आणि त्या कामाबद्दल नंतर निवांत बोलल्यावर. आमचे सगळे उपक्रम या दोन गोष्टींवर उभे आहेत.

कोणासाठी?

वय 12 ते 17. बालगृहात राहणारी, आई किंवा वडील गमावलेली, शाळा सुटलेली, वर्गात सतत चिडवली जाणारी मुलं. 2019 आणि 2021 च्या महापुरात घर सोडावं लागलेली. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांमागं दरवर्षी गाव बदलणारी. या मुलांना कुणी "वाया गेलेली" म्हटलेलं आम्हाला चालत नाही. त्यातल्या कितीतरी जणांना मोठ्या माणसांचा अनुभवच असा आलेला असतो, की मदत मागायची त्यांना भीती वाटते. शब्दाशब्दाला भांडणाऱ्या मुलाला पुष्कळदा "मला जमेना, जरा धर" एवढं म्हणता येत नसतं. ते व्याख्यान देऊन शिकवता येत नाही.

दोरावर नेमकं काय घडतं?

छोटा कातळ, वरून बांधलेला दोर. एक मूल चढणार, दुसरं खालून बिले (belay) देणार, म्हणजे चढणारा पडू नये म्हणून त्याचा दोर सांभाळणार. पाय उचलण्याआधी दोघांनी एकमेकांना तपासायचं : हार्नेसचा, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्यांच्या साजाचा, पट्टा बकलमधून परत ओवलाय का, दोराची आठाच्या आकाराची गाठ नीट बसलीय का, कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू बंद आहे का. नुसतं बघून चालत नाही, हात लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचं. मग "चढू?" असं विचारायचं आणि समोरून "चढ!" आल्यावरच निघायचं. बिले देणाऱ्याचा ब्रेकचा हात दोरावरून कधीच सुटत नाही. त्याच्या मागं तिसरं मूल दोराचं शेपूट धरून उभं असतं आणि शेजारी आमचा प्रशिक्षक असतो.

वर गेल्यावर हात भरून आले की ओरडायचं, "दोर घट्ट!" सकाळपासून तोंड न उघडलेल्या मुलीलाही इथं आवाज काढावा लागतो, आणि दोर ताणला गेल्याचं तिला लगेच कमरेला जाणवतं. मागितलं की मिळतं, हे तिला अंगानं कळतं. तरी आमच्या मते मोठा बदल चढणाऱ्यापेक्षा बिले देणाऱ्यात होतो. ज्याच्यावर आजवर कुणी साधं कुलूपही सोपवलं नाही, त्याच्या हातात दुसऱ्याचं सगळं वजन असतं. अशा वेळी वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगा किती शांत उभा राहतो, ते शिक्षकांनी शेजारी उभं राहून बघावं अशी आमची फार इच्छा असते.

कातळावर चढायची सक्ती नाही. "नको" म्हणणाऱ्या मुलाला कुणी घाबरट म्हणणार नाही. तो गाठी तपासेल, दोराचं शेपूट धरेल. घाबरलेल्या मुलाला ढकलून वर चढवलं, तर मोठी माणसं आपलं ऐकत नाहीत हेच तो पुन्हा शिकतो, आणि ते त्याला आधीपासून ठाऊक असतं.

मुक्कामाचा स्वयंपाक मुलंच करतात. आम्ही सामान मुद्दाम वाटून देतो. एका गटाकडं बेसन, दुसऱ्याकडं मीठ, तिसऱ्याकडं कांदा-लसूण चटणी आणि काडेपेटी. पिठलं हवं असेल तर मागावं लागतं, द्यावं लागतं, कधी पडतं घ्यावं लागतं. भांडणं होतात. होऊ देतो, फक्त हात उचलू देत नाही.

त्यानंतर झाडाखाली गोल करून अर्धा तास बोलणं. "मजा आली का?" हा प्रश्न आम्ही विचारत नाही. "दोर सैल वाटला तेव्हा काय केलंस?" असं विचारतो. शाळेत असा दोर कधी सैल होतो, हे मग मुलंच सांगायला लागतात.

ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. 1941 साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथं शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी आउटवर्ड बाउंड या साहसातून शिकवणाऱ्या संस्थेची पहिली शाळा काढली, ती तरुण खलाशांना डोळ्यांसमोर ठेवून. तिथून ही पद्धत जगभर गेली.

सुरक्षितता

पावसाळ्यात दोरावरचे उपक्रम बंद. ओल्या कातळाशी खेळ नको. जांभा दगड ठिसूळ असतो, त्यावर दोर लावत नाही. पन्हाळ्याच्या तटबंदीवर तर नाहीच. तो संरक्षित किल्ला आहे आणि 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. आग्या मोहोळ दिसलं तर जागा बदलतो. वासानं माश्या उठू शकतात, म्हणून मुलांना अत्तर किंवा स्प्रे लावून पाठवू नका. पन्हाळा ते पावनखिंड मोहीम आम्हाला प्राणप्रिय आहे, पण पहिल्यांदाच येणाऱ्या मुलांना आम्ही तिथं नेत नाही. चाल लांबची, पावसाची, आणि त्या गर्दीत बुजरं मूल हरवल्यासारखं होतं. मसाई पठार पुरे.

गट बारा मुलांचा. मुली असतील तर प्रशिक्षक ताई सोबत असणारच. कुठलाही दादा किंवा ताई एका मुलाला घेऊन एकांतात बसत नाही. बालगृहातल्या मुलांसाठी बालकल्याण समितीची परवानगी आधी हवी. फोटो आम्ही कुठंही टाकत नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला 2015 च्या बालन्याय कायद्याची मनाईच आहे, त्यामुळे तुमच्या शिक्षकांनीही स्टेटसला ठेवू नयेत.

दमा, फिट, चालू गोळ्या, अंधाराची किंवा पाण्याची भीती, सगळं आधी सांगा. पुरात अडकलेल्या मुलाला आम्ही न विचारता पाण्याजवळ नेत नाही.

हे उपचार नाहीत. मूल स्वतःला इजा करत असेल, जेवण-झोप सोडली असेल, तर आधी डॉक्टर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, 14416 वर, फुकट बोलता येतं. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय असेल तर मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 वर, फोन करा.

दोन दिवसांत मूल बदलून देण्याची हमी आम्ही देत नाही, आणि कुणी देत असेल तर सावध राहा. म्हणूनच मुक्कामाला तुमच्याकडचे एक शिक्षक किंवा काळजीवाहक सोबत हवेतच. मुलानं डोंगरावर मदत मागितली आणि परतल्यावर "गप बस" ऐकलं, तर सगळं पाण्यात जातं. गटाला जमेल तेव्हा आम्ही महिन्याभरानं शाळेत किंवा बालगृहात येऊन पुन्हा एकदा गोल करून बसतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

नोंदणीआधी एक भेट असते. येताना मुलाला सोबत आणा. उपक्रमाला यायचं की नाही, हे आम्ही त्यालाच विचारतो, आणि तो "नाही" म्हणाला तर त्या खेपेला नोंदणी घेत नाही.