दिग्दर्शक व्हायचं तर बारावीनंतर कुठली साईड?

आमचा भाचा यंदा बारावी सायन्स झाला आणि रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी म्हणतो, मामा मला पिक्चरचा डायरेक्टर व्हायचंय, आता कुठली साईड घेऊ. ताई गप्प, दाजी पेपरात तोंड घालून बसलेले, मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण घरात जास्त पिक्चर बघणारा मीच. म्हणलं थांब, आधी हे लोक काय काय शिकले होते ते तरी बघू.

अगदी पहिल्यापासून बघायचं तर दादासाहेब फाळके. १८८५ ला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी असलं सगळं शिकले. ते जे. जे. ला होते तेव्हा सिनेमा नावाची गोष्टच जगात नव्हती, ल्युमिएर बंधूंचे खेळ मुंबईत आले ते १८९६ ला. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' १९१३ ला आला त्यात फोटोग्राफी, छपाई, चित्रकला असं इकडून तिकडून शिकलेलंच कामाला आलं. त्यानंतरची पिढी कॉलेजच्या भानगडीतच पडली नाही. व्ही. शांताराम कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकले. स्टुडिओ हीच शाळा, आणि फी द्यायची नाही, उलट थोडाफार पगार.

पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट निघाली १९६० ला, तीही प्रभातच्या जुन्या स्टुडिओतच. तोपर्यंत शिकलेल्या घरातल्या पोरांना सिनेमाची डिग्री घ्यायची सोयच नव्हती, मग जो तो आपलं घरच्यांना पटेल ते शिकला. सत्यजित राय प्रेसिडेन्सी कॉलेजात इकॉनॉमिक्स, मग शांतिनिकेतनात चित्रकला. मृणाल सेन फिजिक्स. श्याम बेनेगल हैदराबादला इकॉनॉमिक्स. यातले राय आणि बेनेगल दोघं नंतर जाहिरात कंपनीत नोकरीला लागले, आणि माझं मत विचाराल तर त्यांचं खरं कॉलेज तेच.

आता आपल्याकडचं. सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना आधी जेऊर लागतं आणि मग दौंड, आणि भाच्याच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या दोन स्टेशनांतच आहे बघा.

दौंडला लहान मुलांचे डॉक्टर म्हणून दवाखाना चालवायचे जब्बार पटेल. जन्म पंढरपूरचा, शाळा सोलापूरची, हरिभाई देवकरण. पुढं पुण्याला बी. जे. मेडिकलला गेले आणि तिथं एकांकिका, गॅदरिंग, नाटकाची मंडळी, सगळं एकाच वेळी भेटलं. १९७२ ला 'घाशीराम कोतवाल' बसवलं, नंतर 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन', 'उंबरठा'. दिवसा पोरांचा ताप तपासायचा आणि संध्याकाळी तालमीला पुणं गाठायचं, हे त्या माणसानं कसं जमवलं देव जाणे. त्या काळात डॉक्टर लोकांचं नाटकात येणं नवीन नव्हतंच म्हणा, श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, मोहन आगाशे मानसोपचाराचे. डॉक्टरकी होती म्हणून घर चालत होतं आणि नाटक करायला डोकं मोकळं राहत होतं, असं आपलं मला वाटतं.

जेऊरची गोष्ट वेगळी. नागराज मंजुळेच्या घरी डॉक्टरकीचा आधार वगैरे काही नव्हता, पठ्ठ्या दहावीला नापास झालेला. तिथून पुणे विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए., आणि मग नगरला कम्युनिकेशन स्टडीजचा कोर्स. त्या कोर्समध्ये असतानाच 'पिस्तुल्या' केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं 'फँड्री', मग २०१६ चा 'सैराट', तो आपल्याच करमाळ्यात शूट झालेला. मराठी घेऊन काय करणार म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं, अर्थात नुसतं एम. ए. मराठी केलं असतं तर सैराट झाला असता का, तेही खरंच आहे. कोर्सनं त्याला पिक्चर करायला एक निमित्त दिलं आणि गोष्ट तो जेऊरहून घेऊन आलेला.

बाकीचे पण आहेत की. आशुतोष गोवारीकर केमिस्ट्री, अनुराग कश्यप झूऑलॉजी, नितेश तिवारी आयआयटी मुंबई, मणिरत्नम तर एमबीए. तिकडं इंग्लंडात नोलाननं इंग्रजी साहित्य घेतलं, पण कॉलेजच्या फिल्म सोसायटीचा कॅमेरा आणि एडिटिंगचं सामान त्याला वापरायला मिळायचं. स्पीलबर्गनं कॉलेज अर्धवट सोडलेलं आणि डिग्री पुरी केली २००२ ला, तोवर 'जॉज' येऊन पंचवीसेक वर्षं झालेली!

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो ऐकून घेतल्यासारखं करत मोबाईल बघत होता, मला वाटलं गेलं सगळं वाऱ्यावर. मग म्हणतो, मामा म्हणजे कुठली पण साईड घेतली तरी चालतंय, पण कॉलेजात नाटकाचा ग्रुप पायजे, बरोबर ना?

आता दोघं मिळून तेच विचारत फिरतोय. पहिल्या कॉलेजात क्लार्कनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणला, ॲडमिशन घ्यायलाव की नाटक बघायला आलाव?