1855 चा निर्णय आणि ‘मदतनीस’ नावाची माणसे

ख्रिस्ती धर्मप्रसारासाठीचे अमेरिकन मिशन मुंबईत आले 1813 साली. सुरुवातीची वर्षे आजारपणात आणि मरणात गेली. आरंभीच्या मिशनऱ्यांपैकी एक जण 1826 मध्ये नाशिककडच्या फेरीत पटकीने वारला. मिशनचे अहमदनगरचे केंद्र 1831 चे.

पुढचे बरेच काही ठरले ते 1854-55 मध्ये. बॉस्टनच्या मुख्य कचेरीतून शिष्टमंडळ आले आणि मिशनच्या इंग्रजी शाळा बंद करण्याचे ठरले. इंग्रजी शिकलेला मुलगा नोकरीकडे वळतो, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला येत नाही, हे कारण. पैसा आणि माणसे मराठी प्रचाराकडे, खेड्यांतल्या लहान मंडळ्यांकडे आणि देशी पाळकांकडे (धर्मगुरूंकडे) वळवायची होती. भाषेबाबत शिष्टमंडळाचे बरोबरच होते. माणूस मायबोलीतच प्रार्थना करतो. पण शाळांबाबत मोठी चूक झाली. ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी घर आणि भाऊबंद सोडले, त्यांच्याच मुलांची वाट अडली, आणि ठरवणारे लवकरच बोटीने परतले. वारसाहक्क जाऊ नये म्हणून 1850 चा कायदा होता खरा, पण विहिरीवरचे पाणी आणि घरातली पंगत त्याने परत मिळाली नाही. पुढे 1880 च्या दशकात नगरला मिशनचे हायस्कूल निघालेच. मधली एक पिढी मात्र गेली.

‘मदतनीस’ हा शब्दही याच व्यवस्थेतला. परदेशी तो मिशनरी; नेवासे-राहुरीकडच्या खेड्यांत ऊनपावसात पायी फिरणारा देशी उपदेशक मात्र मदतनीस. त्याग या शब्दाबरोबर आजही आधी आठवतात त्या परदेशी कबरी. त्या खऱ्याच आहेत: एक अविवाहित शिक्षिका 1827 मध्ये आली, मुलींना शिकवत राहिली आणि 1862 मध्ये नगरलाच वारली. पण विश्वास रोजच्या जगण्यात उतरवला तो मदतनिसांनी आणि बायबलबाईंनी. पुरुष उपदेशकाला जिथे उंबऱ्याबाहेर थांबावे लागे, तिथे बायबलबाई आत चुलीपाशी बसे, वाचून दाखवी, आजाऱ्याची विचारपूस करी. 1860 च्या दशकात नगरच्या एका मदतनिसाने कीर्तनाचा बाज उचलला. टाळ-मृदंगाच्या साथीने येशूची कथा उभी राहिली आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही ती तोंडपाठ झाली.