इन्शुलिन स्रवणाचे चेतानियंत्रण आणि अतिशर्करा

स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तातील साखर पाहून इन्शुलिन सोडतात, हे सर्वपरिचित आहे. त्या चेतासंस्थेचेही ऐकतात, याची दखल मात्र कमी घेतली जाते. या पेशी ज्या लँगरहॅन्स द्वीपकांत (स्वादुपिंडातील पेशींच्या लहान पुंजक्यांत) असतात, त्यांच्यापर्यंत स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या, चेतासंस्थेच्या दोन्ही शाखांचे तंतू पोहोचतात. विश्रांती व पचन सांभाळणाऱ्या परानुकंपी शाखेचे संदेश मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतेतून येतात आणि इन्शुलिन वाढवतात. ताणाच्या वेळी जागी होणाऱ्या अनुकंपी शाखेचे नॉरॲड्रेनॅलीन हे संदेशवाहक रसायन बीटा पेशींवरील अल्फा-२ ग्राहींवर (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांवर) बसून स्रवण रोखते. धावपळीच्या वा संकटाच्या वेळी स्नायूंना आणि मेंदूला साखर मिळत राहते ती काही अंशी त्यामुळेच.

व्हेगसचे काम जेवणाच्या सुरुवातीला स्पष्ट दिसते. अन्नाची चव जिभेला कळताच, रक्तातील साखर वाढण्याआधीच, थोडे इन्शुलिन सुटते. हा हप्ता लहान असला तरी नेमक्या वेळी पडतो. स्वायत्त चेतागंडिकांमधील (चेतापेशींच्या गाठींमधील) संदेशवहन औषधाने थांबवून माणसांना जेवण दिले, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतले इन्शुलिन घटले आणि नंतरची साखर जास्त चढली.

पेशीच्या आत काय घडते? ग्लुकोजच्या ज्वलनातून एटीपी (पेशीचे ऊर्जावाहक रसायन) वाढते, पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात, पेशीपटलाचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि इन्शुलिनच्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) रिकाम्या होतात. व्हेगसचे संदेशवाहक रसायन ॲसिटिलकोलीन एम-३ ग्राहींमार्फत पेशीतल्याच साठ्यातून कॅल्शियम सोडवते व ही क्रिया जोरदार करते. साखर कमी असताना मात्र या संदेशाला फारसा प्रतिसाद मिळत नाही. चेतेचा शब्द किती चालेल हे साखर ठरवते, आणि अतिशर्करेचे, म्हणजे रक्तातील वाढलेल्या साखरेचे, परिणाम समजून घेताना हेच सूत्र हाती धरावे लागते.

उंदरांच्या वर्गातील मोठ्या प्राण्यांना (रॅट) सलग दोन दिवस शिरेतून ग्लुकोज देऊन साखर चढती ठेवली, तेव्हा अनुकंपी क्रिया घटली, परानुकंपी वाढली आणि त्याच ग्लुकोजला बीटा पेशी अधिक इन्शुलिन सोडू लागल्या. म्हणजे ब्रेक सैल आणि ॲक्सिलरेटर दाबलेला. वाढत्या साखरेशी जुळवून घेण्याचा हा प्रयत्न मानता येतो. माणसात चित्र इतके सरळ नाही. निरोगी व्यक्तींची साखर काही तास मुद्दाम वाढवली, तर जठर सावकाश रिकामे होते आणि व्हेगसच्या क्रियेचा निदर्शक असलेल्या पॅनक्रिॲटिक पॉलिपेप्टाइड या स्वादुपिंडातील संप्रेरकाचा प्रतिसादही मंदावतो. साखर किती वाढली, किती काळ आणि कोणत्या प्राण्यात, हे सांगितल्याशिवाय ‘अतिशर्करेने व्हेगसची क्रिया वाढते’ किंवा ‘घटते’ असे विधान करणे घाईचे ठरेल.

वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की प्रश्न थेट चेतांच्या हानीचा होतो. जादा ग्लुकोजपासून बनणारे सॉर्बिटॉल (एक शर्करा-अल्कोहोल) साचते, प्रथिनांना साखर चिकटते, ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो आणि चेतांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या बिघडतात. लांब तंतू आधी बाधित होतात. शरीरातील सर्वांत लांब स्वायत्त चेतांपैकी व्हेगस एक असल्याने तिला लवकर झळ लागते. विश्रांतीतही जलद पडणारी नाडी, दीर्घ श्वासासोबत न बदलणारे हृदयाचे ठोके, जेवणानंतर तासन्‌तास जड राहणारे पोट ही त्याची लक्षणे. १९९३ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या डीसीसीटी या मधुमेह-नियंत्रणाच्या मोठ्या चाचणीत, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात काटेकोर साखर-नियंत्रणाने चेताविकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ग्लुकोज शिरेतून दिल्यावर पहिल्या दहा मिनिटांत येणारी इन्शुलिनची लाट लवकर हरपते. उपाशीपोटी साखर ११५ मिग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती बहुधा दिसतच नाही. याचे खापर चेतांवर फोडता येत नाही, कारण बीटा पेशी स्वतःही थकलेल्या असतात. शिवाय मानवी द्वीपकांतील अनुकंपी तंतू मुख्यतः रक्तवाहिन्यांवर संपतात. बीटा पेशींना थेट भिडणारे तंतू माउसच्या (लहान उंदराच्या) तुलनेत विरळ आहेत. प्रत्यारोपित स्वादुपिंडाच्या चेता तर तोडलेल्याच असतात, तरीही ते साखर आटोक्यात ठेवू शकते.