लोहविद्युत द्रवस्फटिकांतील प्रावस्था-संक्रमण आणि रेणूंचा कल

द्रवस्फटिक म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण रेणूंच्या रचनेत स्फटिकासारखी काही शिस्त राखणारा पदार्थ. ज्या द्रवस्फटिकात बाहेरून विद्युत क्षेत्र न लावताही विद्युत ध्रुवण (धन आणि ऋण प्रभार एकमेकांपासून किंचित सरकलेले असणे) असते आणि क्षेत्र लावून ते उलटवता येते, त्याला लोहविद्युत द्रवस्फटिक म्हणतात. नावातल्या लोखंडाचा येथे काही संबंध नाही. लोहचुंबकाच्या वागण्याशी साम्य असल्याने ते नाव पडले. यातला सर्वांत जुना आणि सर्वाधिक अभ्यासलेला प्रकार म्हणजे कायरल स्मेक्टिक-सी.

काडीसारखे लांबट रेणू थराथरांनी रचले गेले की स्मेक्टिक प्रावस्था (पदार्थाची एक अवस्था) तयार होते. स्मेक्टिक-ए मध्ये रेणू सरासरीने थराला काटकोनात उभे असतात. तापमान उतरले की ते एका बाजूला कलतात आणि स्मेक्टिक-सी मिळते. वाऱ्याने जोंधळ्याचे शेत एकाच दिशेला झुकावे तसे हे दृश्य, फक्त ही ताटे आपापल्या थरात इकडेतिकडे सरकतही असतात. कललेल्या थराला एक आरसा-प्रतल (ज्याच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात अशी काल्पनिक पातळी) असते आणि तेच ध्रुवणाच्या आड येते. रेणू कायरल, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारखा आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारा असेल, तर हे प्रतल नाहीसे होते आणि कलण्याच्या दिशेला काटकोनात, थराच्या पातळीत, ध्रुवणाला वाट मिळते. हा निव्वळ सममितीचा युक्तिवाद हार्वर्डच्या रॉबर्ट मेयर यांचा. फ्रान्समधील ओर्से येथील रसायनज्ञांनी त्याबरहुकूम डोबॅम्बिक हे संयुग बनवले आणि १९७५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी कागदावर विचार आणि मग तो पटवणारा पदार्थ, असा योग या क्षेत्रात क्वचितच आला आहे.

डोबॅम्बिक थंड करत गेल्यास सुमारे ११७° से. ला साध्या द्रवातून स्मेक्टिक-ए आणि सुमारे ९५° से. ला कायरल स्मेक्टिक-सी मिळते. या दुसऱ्या संक्रमणात कलकोन शून्यापासून सलग वाढत जातो. भौतिकशास्त्रज्ञ लँडाउ यांच्या प्रावस्था-संक्रमणाच्या सिद्धांताच्या सर्वांत साध्या रूपानुसार तो संक्रमण तापमानापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो : ४ अंश खाली गेल्यावरचा कल १ अंश खालच्या कलाच्या दुप्पट. प्रत्यक्षात बहुतेक पदार्थांत हे गणित संक्रमणाच्या अगदी जवळच चालते. पुढे वाढ मंदावते.

नाव लोहविद्युत असले तरी या संक्रमणाचा कारभार कलाकडे आहे. ध्रुवण त्याच्या मागून येते. डाव्या आणि उजव्या रेणूंचे निम्मे-निम्मे मिश्रण घेतले तर ध्रुवण शून्य होते, तरी रेणू जवळपास त्याच तापमानाला कलतात. डोबॅम्बिकचे ध्रुवणही बेरियम टायटॅनेट या घन लोहविद्युत पदार्थाच्या तुलनेत हजारो पटींनी कमी भरते. उलट दिशेचा परिणामही दिसतो : स्मेक्टिक-ए मध्ये, संक्रमणाच्या किंचित वर, विद्युत क्षेत्र लावले की रेणू थोडे कलतात आणि संक्रमण जवळ येईल तसा हा प्रतिसाद वाढतो. गॅरॉफ आणि मेयर यांनी तो १९७७ मध्ये दाखवला.

कायरलतेमुळे कलण्याची दिशा थरागणिक थोडी फिरते आणि मळसूत्र तयार होते. त्याच्या एका पूर्ण फेऱ्यात ध्रुवणाची बेरीज शून्य होते. ध्रुवक (प्रकाशाची एकाच दिशेची कंपने जाऊ देणारी गाळणी) लावलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तापपट्टीवर नमुना थंड करताना हे नजरेस पडते : स्मेक्टिक-ए ची पंख्यासारखी गुळगुळीत नक्षी असते, आणि संक्रमण ओलांडताच त्या पंख्यांवर वहीच्या ओळींसारख्या समांतर रेघा उमटतात. फेरा फारच आखूड असेल तर मात्र रेघा दिसत नाहीत.

१९८० मध्ये नोएल क्लार्क आणि स्वेन लागरवाल यांनी द्रवस्फटिक काही मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी जाडीच्या फटीत भरला. काचांच्या पकडीत मळसूत्र उलगडले आणि कलण्याच्या दोनच दिशा उरल्या. क्षेत्राची दिशा बदलली की रेणू एकीकडून दुसरीकडे मायक्रोसेकंदांत वळतात आणि क्षेत्र काढल्यावरही तिथेच राहतात. कलकोन २२.५° असेल तर ही उडी ४५° ची होते आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक सर्वांत ठळक येतो.

अडचणही कलातूनच निघाली. रेणू २५° कलले की थराची जाडी सुमारे ९ टक्क्यांनी घटते, पण काचेला चिकटलेले थर आपले जुने अंतर सोडत नाहीत. मग थर मध्ये दुमडतात आणि त्या घड्यांच्या सीमांवर नागमोडी दोषरेषा पडतात. शिवाय धक्का बसला तर रचना विस्कटते आणि सहसा पुन्हा तापवल्याखेरीज सावरत नाही. त्यामुळे मोठ्या पडद्यांऐवजी हे तंत्र कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकातील सूक्ष्म पडद्यांत जास्त रमले.

यावरचा एक उपाय डी व्ह्रीस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांत सापडतो. तेथे स्मेक्टिक-ए मध्येही रेणू कललेलेच असतात, मात्र ज्याची त्याची दिशा वेगळी. संक्रमणात फक्त दिशा एक होते, म्हणून थर फारसे आकसत नाहीत.

१९८९ मध्ये जपानी प्रयोगशाळेत शेजारच्या थरांत उलटसुलट कल असलेली प्रतिलोहविद्युत प्रावस्था ओळखली गेली. २०२० मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथील गटाने लोहविद्युत नेमॅटिक (रेणू फक्त एका दिशेला रोखलेले असलेली) प्रावस्था सिद्ध केली. तिला थरही लागत नाहीत आणि कलही.