रिमास्टर की रिमिक्स? गणपतीत पेटलेला एक वाद

आमच्याकडे गणपतीत चाकरमानी आले की वाद ठरलेलाच. कधी गणपतीवर टांगायच्या माटवीला कवंडळं (रानफळं) कोणी आणायची यावरून, कधी आरती किती लांबवायची यावरून. गेल्या वर्षी मात्र भांडण पेटलं ते पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडवरून. तेही कुडाळजवळच्या कौलारू घरात, रात्रीची आरती होऊन वाटाण्याची उसळ पोटात गेल्यावर.

पुतण्या पुण्याहून आला होता. त्याने मोबाइल स्पीकरला जोडला आणि त्यांचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम लावला, 2011 चा रिमास्टर. माझा आतेभाऊ, ज्याला घरात सगळे दादाच म्हणतात, हा अल्बम कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. त्याने ओट्यावरूनच दोन मिनिटं कान दिला आणि निकाल लावला, "ह्येंनी रिमिक्स करून वाट लावल्यानी. मूळ ता मूळच."

"काका, हे रिमिक्स नाही, रिमास्टर आहे."

"दोन्ही एकच ता."

एकच नाही. पण दादाला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे रिमिक्स म्हटलं की जुन्या हिंदी गाण्याला धडधडता ठेका लावून काढलेला व्हिडिओच डोळ्यासमोर येतो. रॉक अल्बमच्या नव्या आवृत्तीवर हा शब्द असतो तेव्हा त्याचा अर्थ अगदी वेगळा असतो, आणि रिमास्टरचा तर त्याहून वेगळा. हा फरक मला पुस्तकातून कळला होता, पण डोळ्यांनी दिसला तो दुसऱ्या रात्री वाडीतल्या डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला.

देवळासमोर मंडप, दोन बुवा आमनेसामने. बाजूला साउंडवाला मिक्सर घेऊन बसलेला. बुवांचा माइक, पेटीचा माइक, पखवाजाचा, झांजेचा, मागे साथ देणाऱ्या पोरांचा. प्रत्येकाला मिक्सरवर आपापली सरकपट्टी. पहिल्या बुवांच्या गजरात पखवाज इतका चढला की शब्द कळेनात, तेव्हा त्याने एका बोटाने एकच पट्टी खाली ओढली. पखवाज मागे गेला, बुवा पुढे आले, बाकी सगळं होतं तिथेच राहिलं. मिक्सिंग म्हणजे एवढंच. कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कोणाच्या आवाजाला किती घुमारा.

पुतण्याने त्या बारीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. घरी आल्यावर ऐकलं तर झांज कानात टोचत होती. आता झांजेची पट्टी कुठून आणणार? सगळे आवाज एकत्र कालवून झालेले. फार तर एकूण ट्रेबल, म्हणजे उंच सूर, कमी करायचा, पण मग झांजेबरोबर बुवांच्या शब्दांतल्या 'स' आणि 'श'लाही बोथटपणा येतो. एकूण आवाज वाढवायचा, बेस थोडा उचलायचा, दोन अभंगांमधला खोकला कापायचा. एवढंच हातात उरतं, आणि मास्टरिंगच्या माणसाच्या हातातही साधारण एवढंच असतं. त्याच्यापुढे येतं ते कालवून झालेलं मिक्स. तो ते तबकडी, कॅसेट, सीडी किंवा मोबाइल, जिथे जायचं असेल तिथल्या मानाने तयार करतो. रिमास्टर म्हणजे तीच जुनी मिक्स टेप पुन्हा काढून हे काम नव्याने करणं. रिमिक्स म्हणजे त्याच्याही मागे जाऊन सुट्या ट्रॅकपासून, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांच्या वेगळ्या रेकॉर्डिंगपासून, पुन्हा सुरुवात.

दादाच्याच अल्बममध्ये याचं नामी उदाहरण आहे. 'टाइम' गाण्याच्या आधी घड्याळांचा एकदम गलका होतो. ती घड्याळं साउंड इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केली होती, मग ती एकत्र वाजावीत अशी जुळवली. अल्बम 1973 चा, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत 16 ट्रॅकच्या टेपवर झालेला. रिमास्टर करणारा कितीही हुशार असो, त्यातलं एकच घड्याळ पुढे आणणं त्याला जमणार नाही. रिमिक्स करणाऱ्याला जमेल. आणि गंमत म्हणजे 2003 मध्ये अल्बमला 30 वर्षं झाली तेव्हा निघालेल्या एसएसीडीवर (सुपर ऑडिओ सीडी) दोन्ही गोष्टी एकाच तबकडीवर होत्या. जुन्या स्टीरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन स्पीकरच्या, मिक्सचा रिमास्टर, आणि पाच स्पीकर व एक सबवूफर यांच्यासाठी जेम्स गथ्री यांनी केलेलं संपूर्ण नवं मिक्स, ज्यात घड्याळं ऐकणाऱ्याच्या चहूबाजूंनी वाजतात. तबकडी एक, अल्बम एक, पण पहिल्यात काच पुसलेली आणि दुसऱ्यात घरातलं सामान हलवलेलं.

हे सगळं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मगे ह्या ऐकताना माका येगळा कित्या लागता?"

प्रश्न बरोबर होता. आणि त्याचं उत्तर त्याच्या कपाटात होतं.

तो ज्याला मूळ म्हणतो ती कॅसेट आम्ही काढून आणली. नारळाच्या तेलाच्या जुन्या डब्यात, डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेली, कारण इथल्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते. गावातला एकजण बोटीवर कामाला होता, त्याने परदेशातून आणलेल्या कॅसेटची ही नक्कल. नक्कल कशी केली? दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून. एकाचा स्पीकर, दुसऱ्याचा अंगचा माइक, दार लावून घेतलेलं. त्यामुळे या कॅसेटवर घड्याळांचा गलका संपता संपता आत्याचा आवाज येतो, "रे, तो आवाज बारीक कर!" आमच्या घरात पिंक फ्लॉइडइतकीच आत्याही प्रसिद्ध आहे.

म्हणजे 'मूळ' काय होतं बघा. लंडनच्या मिक्सवरून कारखान्यात भराभर काढलेली कॅसेट, त्यावरून हवेतून पकडलेली मोनो, म्हणजे डावं-उजवं नसलेली, नक्कल, त्यावर टेपची खरखर, आणि वर टेपरेकॉर्डरचं कित्येक वर्षांचं घासलेलं हेड. टेपवर सगळ्यात आधी मरतात ते उंच सूर: झांजांची किणकिण, गिटारच्या तारेवर बोट घसरल्याचा आवाज, गायकाचा श्वास. दादाच्या कानाने हा अल्बम मऊ, उबदार, जरा धुकट असाच ओळखला. रिमास्टरमध्ये झांजा लख्ख ऐकू आल्या तेव्हा त्याला वाटलं, कुणीतरी वरून घातल्या. खरं तर त्या 1973 पासून तिथेच होत्या. गेल्या होत्या त्या आमच्या कॅसेटमधून.

जगभर रिमास्टरवर चिडणारे जुने श्रोते निदान काही अंशी दादाच असतात, असा माझा संशय आहे. प्रत्येकाचं मूळ वेगळं. कुणाचं पहिल्या छपाईची तबकडी, कुणाचं सुरुवातीची सीडी, कुणाचं रेडिओवरून उतरवलेली कॅसेट. आणि नीट रिमास्टरमध्ये नवीन काही घालावं लागत नाही, जे होतं तेच उघडं पडतं. या अल्बमच्या काही आवृत्त्यांत अगदी शेवटी, हृदयाची धडधड विरत असताना मागे बीटल्सच्या एका गाण्याची वाद्यवृंदावरची धून अगदी पुसट ऐकू येते. कॅसेटच्या खरखरीत ती सापडायची शक्यताच नव्हती. आमच्याकडे तिच्या जागी आत्या होती.

पण दादाची तक्रार नुसती सवयीची म्हणून सोडून देता येत नाही. रिमास्टरच्या नावाखाली खरोखर एक पाप झालं आहे, आवाज फुगवण्याचं. सीडीवर आवाजाला वरची मर्यादा असते, तिच्या पलीकडे जाताच येत नाही. मग गाणं 'मोठं' कसं करायचं? जोराचे ठोके दाबून सपाट करायचे आणि बाकी सगळं वर उचलायचं. नव्वदच्या दशकापासून कंपन्यांची यात चढाओढ लागली. कारण साधं आहे: दोन सारख्याच गाण्यांतलं एक किंचित मोठ्याने वाजलं तर कान त्यालाच चांगलं म्हणतो. कमी आवाजात कानाला बेस आणि अगदी उंच सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून नवी सीडी लावताक्षणी 'वा, काय उठाव आहे!' असं वाटतं, आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत कान थकतो. दादाची मालवणीतली टीका इथे चपखल बसते: "आवाज वाढयलो म्हणान गाणा बरा होणा नाय."

एक कबुली मात्र द्यायला हवी. जुलैत, कौलांवर पाऊस कोसळत असताना, मी स्वतः फुगवलेलीच आवृत्ती लावतो. हा अल्बम सुरू होतो तो अगदी बारीक धडधडीने. आमच्या पडवीत पावसात ती ऐकूच येत नाही. ती ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला, तर पुढे घड्याळं वाजताच गोठ्यातली गाय उठून उभी राहते. दाबून सपाट केलेल्या आवृत्तीत हा प्रश्न येत नाही. मुंबई-गोवा हायवेवर गाडीतही तेच. उलट डिसेंबरच्या रात्री, भात झोडून झालेलं, वारा पडलेला, समुद्राची गाज लांबून येतेय, अशा वेळी फुगवलेला रिमास्टर चालवत नाही. तेव्हा जुनी सीडीच हवी. 'कुठला चांगला' असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठे बसून ऐकणार?

आता रिमिक्सकडे. इथे श्रोत्यांचा राग वेगळ्या जातीचा असतो, आणि तो मला जास्त समजतो, कारण इथे खरंच कुणीतरी सामान हलवलेलं असतं. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' 1967 चा, चार ट्रॅकच्या यंत्रांवर केलेला. ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एकाच ट्रॅकवर उतरवायचे आणि पुढे जायचं. त्या काळी महत्त्व मोनोला. मोनो मिक्सवर आठवडे घालवले गेले, स्टीरिओ मागाहून घाईत उरकलं गेलं. या अल्बमचा रिमास्टर 2009 मध्ये आला, तो जुन्याच मिक्सचा. त्यावर फारसं वादळ उठलं नाही. 2017 मध्ये निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी एकत्र करण्याआधीच्या टेपा काढून, जुनं मोनो डोळ्यासमोर ठेवून, नवं स्टीरिओ मिक्स केलं. ड्रम आणि बेसला वजन आलं. 'शीज लीव्हिंग होम' तर मोनोप्रमाणे जलद आणि थोडं वरच्या स्वरात गेलं, कारण जुन्या स्टीरिओत ते सावकाश चालवलेलं होतं. ज्यांनी आयुष्यभर स्टीरिओ ऐकलं त्यांना वाटलं गाणं पळवलं. मोनोवाल्यांना वाटलं, चला, आलं एकदाचं जाग्यावर.

द स्टूजेस या अमेरिकी रॉक बँडच्या 'रॉ पॉवर'ची कथा याच्या उलट. 1973 मध्ये आलेल्या या अल्बमचं बहुतेक मिक्स केलं डेव्हिड बोवी यांनी, बरेच जण त्याला पातळ म्हणत. 1997 मध्ये गायक इगी पॉप यांनी स्वतः केलेलं रिमिक्स आलं, ते इतकं कानठळ्या बसवणारं की पातळ म्हणणाऱ्यांतल्या काहींना बोवींचंच आठवू लागलं. 2010 मध्ये बोवींचं मिक्स रिमास्टर होऊन परत आलं. घरचा माणूस रिमिक्स करतो म्हणजे ते बरोबरच, असंही नाही.

आणि या गोंधळाचा कळस म्हणजे मेटॅलिका या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक', 2008. आवाज इतका चेपलेला की चाहत्यांनी हजारोंच्या सह्यांचा अर्ज केला: एकतर रिमिक्स करा, नाहीतर रिमास्टर. दोघांपैकी काय हवं हे त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये मोकळी वाजत होती, म्हणून सगळे मास्टरिंगवर घसरले. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांचं म्हणणं पडलं की मिक्स हाती आलं तेच चेपलेलं होतं. म्हणजे शिव्या खाल्ल्या एकाने, पट्ट्या सरकवल्या दुसऱ्याने.

ओळखायचं कसं? मोबाइलवर नावापुढे 'रिमास्टर्ड' आणि साल असेल तर मिक्स साधारणपणे जुनंच. '2017 मिक्स' असं काही असेल तर रिमिक्स. ही सीमाही आता पुसट होतेय. बीटल्सचाच 'रिव्हॉल्व्हर' 2022 मध्ये आला तेव्हा एकत्र झालेल्या ट्रॅकमधली वाद्यं संगणकाने सुटी करून रिमिक्स केला होता. कालवणातून खोबरं वेगळं काढण्याची युक्ती सापडली म्हणायची.

तिसऱ्या रात्री आम्ही दादाची परीक्षा घेतली. एकीकडे जुन्या सीडीवरून घेतलेली फाइल, दुसरीकडे 2011 चा रिमास्टर. दोन्ही एकाच मोबाइलवरून, दादाच्या जुन्या अँप्लिफायरवर. पुतण्याने मीटरचं अ‍ॅप लावून दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. यात कसूर झाली तर सगळी परीक्षा फुकट, कारण मोठं वाजेल तेच जिंकतं. दादाने पाठ केली. पहिल्यांदा त्याने रिमास्टरलाच मूळ म्हटलं. दुसऱ्यांदा सीडी बरोबर ओळखली. तिसऱ्यांदा पुन्हा रिमास्टर निवडला, आणि पुतण्या हसतोय हे पाहून म्हणाला, "थांब, परत लाव. घड्याळांपासना."

पुतण्याने गाणं मागे नेलं. घड्याळं सुरू व्हायच्या आत लाइट गेली. काळोखात मोबाइलच्या पडद्यावर गाणं पुढे सरकत होतं, सेकंद मोजले जात होते, आवाज मात्र फक्त कौलांवरून येत होता. दादा बरोबर जागा धरून आत्याच्या सुरात म्हणाला, "रे, तो आवाज बारीक कर!"