जिप्सम बोर्डाचा सांधा आणि पाण्याचा हिशेब

फॉल्स सीलिंगवर किंवा जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनवर सरळ रेषेत तडा दिसू लागला की घरमालक रंगाला दोष देतो आणि सल्लागार वास्तूला. तडे नेमके दर 4 फुटांवर, म्हणजे बोर्डाच्या रुंदीइतक्या अंतराने पडत असतील, तर वास्तुदोषाला मोजपट्टी कोणी दिली, हे विचारायला हवे. दोन बोर्डांमधल्या सांध्यात कोणते कंपाउंड, म्हणजे फट बुजवायचा लगदा, भरले आणि त्यावर कोणती टेप लावली, हे आधी पाहावे.

डब्यात तयार मिळणाऱ्या कंपाउंडमध्ये मुख्यतः चुनखडीची भुकटी, चिकटद्रव्य आणि पाणी असते. पाणी उडून गेले की ते वाळते आणि आकसतेही. त्यामुळे त्याचे हात पातळ द्यावे लागतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात प्रत्येक हात वाळण्याची वाट पाहावी लागते.

भुकटीच्या रूपातील जिप्समयुक्त कंपाउंडची गोष्ट वेगळी आहे. जिप्सममध्ये कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे 2 रेणू असतात. ते भाजले की त्यांपैकी दीड निघून जातो आणि अर्धा उरतो. या भुकटीत पाणी घातले की ती विरघळू लागते. पण तिची विद्राव्यता जिप्समपेक्षा कितीतरी अधिक असल्याने द्रावण जिप्समच्या दृष्टीने अतिसंपृक्त होते, म्हणजे पाण्यात मावेल त्याहून जास्त जिप्सम त्यात साठते, आणि जिप्समचे सुईसारखे स्फटिक वाढून एकमेकांत गुंततात. 100 ग्रॅम शुद्ध भुकटी सुमारे 18.6 ग्रॅम पाणी असे कायमचे बांधून ठेवते. कालवण्यासाठी घातलेले जास्तीचे पाणी तेवढे नंतर उडते. म्हणून हे कंपाउंड दमट हवेतही घट्ट होते आणि फारसे आकसत नाही. घमेल्यात कालची खपली राहिली असेल, तर तिचे कण स्फटिकांसाठी बीजाचे काम करतात आणि नवे मिश्रण अवेळी आवळते. अशा मिश्रणात पुन्हा पाणी घालून ते मळणे म्हणजे जुळलेले स्फटिक मोडणे होय.

फायबरग्लासची जाळीची टेप थोडी ताणली जात असल्याने तिच्यासोबत हेच कंपाउंड वापरावे. तयार कंपाउंडखाली कागदी टेप बरी, आणि मधल्या घडीमुळे ती कोपऱ्यातही नीट बसते. टेप दाबायला 6 इंची पट्टी पुरते, पण शेवटच्या हाताला 10 ते 12 इंची हवी, कारण सांध्याचा उंचवटा नाहीसा होत नाही, तो फक्त रुंद उतारात लपवायचा असतो.

हा शेवटचा हात तयार कंपाउंडचा असावा. ते पॉलिश पेपरने सहज घासले जाते, आणि धूळ टाळायची असेल तर ओल्या स्पंजनेही सपाट करता येते. घट्ट झालेल्या जिप्समवर मात्र स्पंज चालत नाही.